ऑपेरा हाऊस : एका रंगमंदिराचे पुनरागमन
(शतकमहोत्सवी व्याख्यानाचा गोषवारा)



शतकपूर्तीच्या या प्रसंगी मी आपल्याला मुंबईतील एका वयोवृद्ध वास्तूकडे नेणार आहे. गिरगावातील रॉयल ऑपेरा हाऊस ही ती वास्तू. तिचे आणि आपल्या गोमंतकाचे नाते जुने आहे. मंगेशीचे मास्टर दीनानाथ आणि बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे यांनी तिच्या रंगमंचावर आपली कला सादर केली. बालगंधर्वांचे स्वरही तेथे घुमले.

मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी काराका यांच्या कल्पनेतून हे नाट्यगृह उभे राहिले. १९०९ साली पायाभरणी झाली. बांधकाम अपुरे असतानाच १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्‌घाटनही उरकले. युरोपातील बरोक शैलीचा डौल आणि त्यात मिसळलेले भारतीय नक्षीकाम हे तिचे वैशिष्ट्य. सर्वांत वरच्या सज्जात बसलेल्या प्रेक्षकालाही नटाचा शब्द स्पष्ट ऐकू यावा, अशा बेताने छताची रचना केलेली होती. ध्वनिक्षेपकाशिवाय रात्रभर चालणारा दशावतार ज्यांनी पाहिला आहे, त्या पेडणेकरांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

पुढे चित्रपटाचा जमाना आला. १९२५ मध्ये पाथे कंपनीने चित्रपटांसाठी हे गृह भाड्याने घेतले. १९३५ मध्ये ते आयडियल पिक्चर्सकडे गेले. चित्रपटगृह होताना दोन्ही बाजूंचे खास कक्ष पाडण्यात आले. जिवंत नट बाजूने पाहिला तरी नटच दिसतो. सपाट पडद्यावरचे चित्र मात्र तिरप्या नजरेला वेडेवाकडे भासते. नव्या कलेला त्या कक्षांचा उपयोग उरला नव्हता. १९५२ साली गोंडलच्या महाराजांनी ही वास्तू घेतली. कालांतराने दूरदर्शन आणि व्हिडिओ घरोघरी पोचले, प्रेक्षक रोडावला आणि १९९३ मध्ये दारे बंद झाली. परिसराचे ‘ऑपेरा हाऊस’ हे नाव तेवढे लोकांच्या ओठी राहिले.

तेवीस वर्षांनी, २० ऑक्टोबर २०१६ रोजी, ती दारे पुन्हा उघडली. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी जुनी छायाचित्रे व कागदपत्रे अभ्यासून नष्ट झालेले कक्ष पुन्हा उभारले. २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत या कार्याचा गौरव झाला.

मित्रहो, काळाच्या गरजेने वास्तू बदलते, त्याचा खेद नको. पण पाडलेले पुन्हा उभे करता आले, ते कुणीतरी चार छायाचित्रे जपली म्हणून. ग्रंथालयाचे काम याहून निराळे काय आहे? आपल्या घरांत जत्रेतील नाटकांची हस्तपत्रके, हस्तलिखित संहिता, पिवळी पडलेली छायाचित्रे असतील. ती रद्दीत घालू नका. येथे आणून द्या. आपल्या नातवंडांना काही पुन्हा उभारावेसे वाटले, तर त्यांच्या हाती आधार असू द्या.