ढालकिड्याला उजेड कसा द्यावा?



फुलांची व कीटकांची अगदी जवळून छायाचित्रे घ्यावयाची, तर भिंगाइतकेच प्रकाशयोजनेकडेही लक्ष पुरवावे लागते. त्याविषयी चार शब्द बोलतो.

विषय जितका जवळ, तितका चित्रातील स्पष्ट भाग अरुंद; मुंगीचे डोके रेखीव उमटते, तर पोट धूसर राहते. म्हणून भिंगाचे छिद्र लहान करावे, तर प्रकाश अपुरा पडतो. त्यातच प्रतिमा मूळ आकाराएवढी उमटवावयाची झाल्यास साधारण चौपट प्रकाश लागतो. ही उणीव फ्लॅश भरून काढतो. त्याचा लखलखाट क्षणार्धाहूनही अल्प असल्याने वाऱ्यावर डोलणारे फूलही स्थिर उमटू शकते.

परंतु उघडा फ्लॅश ढालकिड्याच्या तुकतुकीत पाठीवर पांढरा डाग पाडतो आणि जास्वंदीच्या पाकळीवरील नाजूक शिरा पुसून टाकतो. येथे दोष केवळ प्रकाशाच्या जोराचा नसतो, तर प्रकाश देणाऱ्या वस्तूच्या दृश्य आकाराचा असतो. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर; पण तो सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असल्याने आकाशात अवघ्या अर्ध्या अंशाएवढा दिसतो आणि म्हणूनच उन्हातील सावली धारदार पडते. उलट, ढालकिड्यापासून १० सेंटिमीटरवर १५ सेंटिमीटर रुंदीचा ट्रेसिंग पेपर धरावा व फ्लॅश त्याच्या थोडा मागे ठेवावा, म्हणजे सबंध कागद उजळतो. त्या इवल्या जिवाला तो कागद आकाशाएवढा होतो! सावली मऊ पडते, डाग विरतो आणि पाठीचा तांबडा रंग खुलतो. पार्श्वभूमी काळी पडू नये म्हणून मागे वीतभर अंतरावर एखादे पान असेल असा कोन निवडावा. मोबाइलने चित्र घेणाऱ्यांनी उन्हात पातळ पांढरा पंचा आडवा धरला, तरी हाच गुण येतो.

कीटक हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये गारठविण्याची युक्ती काही जण सांगतात. ती मला मान्य नाही. चित्रासाठी जिवाचा छळ का व्हावा?

आम्हा बदलीच्या नोकरीतील माणसांची गावे बदलतात, मुलांच्या शाळा बदलतात; रुईचे झुडूप मात्र पुष्कळ ठिकाणी रस्त्याकडेला भेटते. मारुतीला ज्यांची माळ घालतो, त्याच पानांवर एक नारिंगी फुलपाखरू अंडी घालते. पान न तोडता, अळीला न डिवचता हे नवल मुलांना दाखविता आले, तर ही विद्या सार्थकी लागली असे मी मानीन.