भीड आणि भिडू

एखादे नाटक दहा-वीस माणसांनी मिळून रचावयाचे ठरले आणि ती माणसे परस्परांना सर्वस्वी अनोळखी असली, म्हणजे कलेच्या आधी भीड आडवी येते. प्रत्येकाने उभे राहून आपले नाव-गाव सांगितले की ओळख झाली, अशी चालकांची समजूत असते. प्रत्यक्षात शेजारी बोलत असताना मनुष्य आपलेच वाक्य मनात घोळवीत असतो आणि कोणाचेच नाव कोणाच्या ध्यानी राहत नाही.

या भिडेचे मर्म अमेरिकेतील व्हायोला स्पोलिन (१९०६–१९९४) या नाट्यशिक्षिकेने नेमके ओळखले. शिकागो येथे १८८९ साली जेन अ‍ॅडम्स व एलेन गेट्स स्टार यांनी ‘हल हाउस’ ही सेवासंस्था काढली. तेथे नेव्हा बॉइड या विदुषी खेळांच्या द्वारे समाजशिक्षणाचे धडे देत. स्पोलिन त्यांच्या शिष्या. पुढे आर्थिक मंदीच्या काळात एका सरकारी योजनेत नाट्यविभागाचे काम त्यांच्याकडे आले. समोर होती देशोदेशींहून आलेल्या कुटुंबांतील मुले व प्रौढ. भाषा निराळ्या, चालीरीती निराळ्या. व्याख्यानांनी त्यांचे मन मोकळे होणे शक्य नव्हते. तेव्हा स्पोलिनबाईंनी खेळ रचले आणि १९६३ साली ते ‘इम्प्रोव्हिजेशन फॉर द थिएटर’ या ग्रंथात संगृहीत केले.

त्यांतील आरंभीचा एक प्रयोग अगदी साधा आहे. अर्ध्या मंडळींनी रंगमंचावर रांगेत उभे राहावयाचे, उरलेल्यांनी समोर बसून त्यांच्याकडे पाहावयाचे. थोड्याच वेळात उभे असलेल्यांची चुळबूळ सुरू होते. कोणी हसतो, कोणी हात खिशात घालतो. मग त्यांना सभागृहातील खुर्च्या मोजावयास सांगितले जाते. मोजणी सुरू होताच अंगातला ताठरपणा ओसरतो. पाहणारे तेच असतात, पण उभ्या असलेल्यांचे लक्ष स्वतःवरून उडून कामावर बसते. भीड चेपण्याचे सारे रहस्य या खुर्च्यांत आहे. दुसऱ्या एका खेळात रस्सीखेच होते, परंतु रस्सी काल्पनिक! ती दोन्ही बाजूंना खरी वाटावी, तर प्रत्येकाला दुसऱ्याच्या ओढीकडे लक्ष द्यावेच लागते. स्वतःविषयी एक शब्दही न बोलता परस्परांची ओळख होते.

गट पाडण्याचा प्रश्न याहून नाजूक. आपल्याकडे अंगणातल्या खेळात दोन म्होरके आळीपाळीने भिडू मागून घेतात. चपळ गडी आधी जातात आणि शेवटी एखादे पोर कोणालाच नको म्हणून उभे राहते. मग ‘लिंबूटिंबू’ म्हणून त्याला कुठे तरी ढकलतात. त्या क्षणीचा सल पुढे किती काळ राहतो, हे ज्याला तो बोचला त्यालाच ठाऊक. स्पोलिनबाईंचा दंडक असा, की सरळ क्रमाने आकडे मोजून गट पाडावेत, जेणेकरून कोणीही बोलावण्याची वाट पाहत ताटकळत राहू नये. गट वारंवार बदलले, म्हणजे मित्रांचे कोंडाळेही जमत नाही आणि कोणी एकाकीही पडत नाही.

असल्या खेळांचा कित्येकांना तिटकारा असतो, आणि तो अगदीच निराधार नाही. निरर्थक चाळे करावयास लावले, तर संकोची मनुष्य अधिकच मिटतो. परंतु येथे खेळ म्हणजे पुढच्या कामाचीच पहिली पायरी होय. स्पोलिनबाईंचे पुत्र पॉल सिल्स यांनी याच खेळांच्या पायावर शिकागोत १९५५ साली ‘कंपास’ ही मंडळी उभारण्यात पुढाकार घेतला. १९५९ साली सुरू झालेल्या ‘सेकंड सिटी’ नाट्यगृहाचे तेही एक संस्थापक. तेथील नटांनी आपसांतील उत्स्फूर्त संवादांतून प्रवेश रचले आणि त्यांचा बोलबाला पुढे देशभर झाला.

शाळेचे स्नेहसंमेलन असो वा गावातली नाट्यशिबिरे, दहा माणसे एकत्र आली की पहिली घटका महत्त्वाची. त्या घटकेत चालकाने भाषण आवरावे, सर्वांच्या हाती एक लहानसे समाईक काम द्यावे, आणि गट पाडताना शेवटी कोण उरतो तिकडे नजर ठेवावी. ज्या मेळ्यात कोणीच लिंबूटिंबू राहत नाही, तेथेच सर्वांची कला फुलते.