प्रश्न विचारणारे मूल

(हीरकमहोत्सवी समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



मराठी मुलुखापासून दूर राहून आपली भाषा मुलांच्या हाती कशी सोपवावी, हा प्रश्न या शाळेपुढे साठ वर्षे आहे. ज्यू समाजापुढे असाच प्रश्न जवळजवळ दोन हजार वर्षे होता. त्याने शोधलेले उत्तर आज आपणांपुढे ठेवावेसे वाटते.

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. परंपरा सांगते की, योहानान बेन झक्काई या धर्मगुरूंनी रोमन सेनापतीकडे यावने या गावाला आणि तेथील विद्वानांना अभय मागितले. मंदिर गेले, विद्यापीठ राहिले. मुलांच्या शिक्षणाचे नियमही तालमूद या ग्रंथात नोंदलेले आहेत. गावोगावी शिक्षक नेमावेत, सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत आणावे, पंचवीस मुलांमागे एक शिक्षक असावा, चाळीस झाल्यास त्याला मदतनीस द्यावा. हा हिशेब वाचून आजच्या कोणत्याही मुख्याध्यापिकेला हेवाच वाटेल!

याच परंपरेची एक शाखा आपल्या कोकणात रुजली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज जहाज फुटून उतरले, अशी बेने इस्राएल समाजाची श्रद्धा आहे. ते तेल गाळत, मराठी बोलत. मात्र शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. ग्रंथ हाती नव्हते, हिब्रू भाषा विसरली होती. तरी शनिवारची विश्रांती, मुलांची सुंता, आहाराचे नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना त्यांनी जपली. घराने एवढे सांभाळले. पण या आचारामागील अर्थ सांगणारे शिक्षण उरले नव्हते.

ते हळूहळू परत आले. १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. कोचीनच्या ज्यू शिक्षकांनी धर्मविधी शिकवले. १८३२ मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ पुढे मराठीत छापली गेली. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत समाजाची शाळा निघाली. पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या या शाळेची धुरा १९२२ पासून रिबेका रूबेन या विदुषीने दीर्घकाळ वाहिली. श्रोतेहो, येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हरवलेल्या परंपरेचा अर्थ या समाजाने मायबोलीतून परत मिळवला. मराठीमुळे त्यांचे यहुदीपण उणावले नाही, उलट ते त्यांना उमगले.

वल्हांडणाच्या त्या रात्री भोजनाला बसलेल्या कुटुंबातील सर्वांत लहान मूल विचारते, ‘आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का?’ उत्तर शाळेतल्या गुरुजींनी द्यायचे नसते. ते घरातल्या वडीलधाऱ्यांनी द्यायचे असते. प्रश्न विचारायला शिकवते ती शाळा, आणि उत्तर देते ते घर. यांपैकी एक जरी मुके झाले, तरी परंपरेचा धागा तुटतो.

पालकहो, शाळेत आम्ही मुलांना मराठी वाचायला-लिहायला शिकवतो. परंतु मूल घरी येऊन ‘आई, गुढी का उभारतात?’ असे मराठीत विचारते, तेव्हा त्याला परभाषेत उत्तर मिळाले, किंवा ‘मग सांगते’ म्हणून गप्प बसवले गेले, तर आमचे पाच तास वाया जातात. माजी विद्यार्थीहो, देणगीबद्दल संस्था आपली ऋणी आहेच. त्याहून मोठे देणे आपल्या घरातील संध्याकाळचे आहे.

१९४८ नंतर बेने इस्राएल समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये गेले. तेथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. जी हिब्रू त्यांच्या पूर्वजांनी मराठीतून शिकली, तीच आज त्यांच्या नातवंडांची बोली आहे. आता जपायची आहे ती मराठी. म्हणजे आपला प्रश्न आणि त्यांचा प्रश्न एकच झाला आहे.

साठ वर्षे या वास्तूने मुलांना प्रश्न विचारायला शिकवले. पुढची साठ वर्षेही ती शिकवील. उत्तरे मात्र आपल्या घरी तयार असावीत, एवढीच या हीरकमहोत्सवी प्रसंगी विनंती.