रणांगण आणि सैनिकाचा डोळा
(संस्थेच्या व्याख्यानमालेतील भाषण)



आजचा विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल, की अचलपुरात बसून लढाईतल्या डोळ्यांच्या जखमांविषयी बोलायचे कारण काय? कारण जवळचेच आहे. आपले परतवाडा म्हणजे मुळात फौजेची छावणी. हैदराबाद कंटिंजंटची फौज एलिचपूरला असे. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या सैन्याने गाविलगड घेतला, तो आपल्या डोक्यावरच्या डोंगरात. आणि १९४१ साली महार रेजिमेंट बेळगावात उभी राहिली, तिची दुसरी पलटण तर आपल्या विदर्भातल्या कामठीत. तेव्हापासून आजवर आपल्या समाजातले किती घर असे आहे की ज्याच्या भिंतीवर फौजी पोशाखातला एकही फोटो नाही? आजही आपली मुले पहाटे उठून भरतीसाठी धावतात. म्हणून हा विषय आपला आहे.

आम्ही नेत्रतपासणी शिबिरांत काम करणारी माणसे. शिबिरात माजी सैनिक येतात. पाय गेलेल्या जवानाविषयी लोक हळहळतात, तो दिसतो. डोळा गेलेल्याविषयी एवढेच म्हणतात, "एक डोया त हाये ना!" या बोलण्यामागे जे अज्ञान आहे, त्याबद्दल आज बोलायचे आहे.

प्रथम एक हिशेब पाहू. माणसाच्या शरीराच्या एकूण पृष्ठभागात दोन्ही डोळ्यांचा वाटा हजारात एक, म्हणजे ०.१ टक्का. समोरून पाहिले तरी सुमारे ०.२७ टक्के. गोळ्या आणि तुकडे अंगावर सारखेच येऊन लागत असते, तर हजार जखमांमागे दोन-तीन डोळ्यांच्या असत्या. प्रत्यक्षात काय घडले? अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) जखमींपैकी सुमारे अर्धा टक्का डोळ्यांचे जखमी होते. दोन्ही महायुद्धांत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले. व्हिएतनाममध्ये ते नऊ टक्क्यांपर्यंत, आणि १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकन सैन्यात सुमारे तेरा टक्के नोंदले गेले.

हे असे का वाढत गेले? शस्त्र बदलले, हे मुख्य कारण. जुन्या लढाईत तलवार, भाला, बंदुकीची एकेरी गोळी. गोळी डोळ्याला लागली तर बहुधा मेंदूपर्यंत जाई आणि माणूसच संपे, तो जखमींच्या यादीत येतच नसे. पुढे तोफगोळा, हातबॉम्ब, उखळी तोफ, सुरुंग आले. हे फुटले की शेकडो बारीक तुकडे उडतात. तांदळाच्या कणीएवढा लोखंडाचा तुकडा जाड कपड्यात अडकतो, हाताच्या कातडीत रुतला तर चिमट्याने काढता येतो. पण बुबुळावरचा पारदर्शक पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. तीच कणी त्यातून आरपार जाते, नेत्रभिंग फोडते आणि मागच्या दृष्टिपटलात जाऊन बसते. जी जखम दंडावर झाली असती तर जवान दुसऱ्या दिवशी ड्युटीवर असता, ती डोळ्याला झाली की आयुष्यभराचा अंधार.

दुसरे कारण असे, की सैनिकाला पाहावेच लागते. खंदकात सारे शरीर मातीआड असते, डोके आणि डोळे तेवढे वर. तिसरे कारण थोडे विचित्र वाटेल. लोखंडी टोपाने आणि छातीच्या चिलखताने माणसे वाचू लागली. पूर्वी जो मेला असता तो आता जगतो, पण टोपाखाली चेहरा उघडाच असल्यामुळे डोळे गमावून जगतो.

सुरुंगाची जखम आम्ही सर्वांत वाईट समजतो. सुरुंग खालून वर उडतो आणि आपल्या लोखंडाबरोबर माती, वाळू, गोटे, गवताच्या काड्या असे सगळे तोंडावर फेकतो. त्यामुळे दोन्ही डोळे एकाच वेळी जाण्याचा धोका मोठा, आणि मातीबरोबर जंतू आत गेले की डोळ्यात पू होतो. सुरुंग काढणारा जवान तर त्यावर वाकूनच काम करत असतो. २००१–०२ मध्ये सीमेवर फौजा उभ्या राहिल्या, तेव्हा प्रत्यक्ष युद्ध झाले नाही, तरी सुरुंग पेरताना आणि काढताना आपले अनेक जवान जायबंदी झाले. कारगिलसारख्या डोंगरी मुलखात गोळा खडकावर फुटतो तेव्हा खडकाच्या चिपाही गोळ्याचेच काम करतात. सियाचेनमध्ये शत्रूशिवायच डोळ्यांवर संकट येते. बर्फावरून परतणारे ऊन डोळे भाजते. वेदना असह्य असतात, पण काळा चष्मा लावून डोळे झाकून ठेवले तर हे आंधळेपण एक-दोन दिवसांत उतरते.

वायूचेही सांगितले पाहिजे. जुलै १९१७ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी मस्टर्ड वायू वापरला. लागल्याबरोबर काहीच कळत नाही, काही तासांनी डोळे सुजून बंद होतात. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चाललेल्या सैनिकांच्या रांगा तेव्हाच्याच. बहुतेकांची दृष्टी काही आठवड्यांत परत आली, परंतु काहींच्या बुबुळांवर कित्येक वर्षांनी पुन्हा व्रण पडले. इराण-इराक युद्धातल्या (१९८०–८८) सैनिकांचीही तीच गत झाली.

आता "एक डोया त हाये ना" याचे उत्तर. एका डोळ्याने खोली आणि अंतर यांचा अंदाज नीट येत नाही. जखमेच्या बाजूने येणारे वाहन दिसत नाही. आणि एक धोका फार थोड्यांना ठाऊक असतो. फुटलेल्या डोळ्यातला रंगद्रव्याचा पडदा उघडा पडला, तर शरीराची संरक्षणशक्ती त्याला परका समजून दुसऱ्या, धडधाकट डोळ्यावरही हल्ला करू शकते. ब्रेल लिपीचा जनक लुई ब्रेल याला लहानपणी चामडे टोचायची आरी एकाच डोळ्यात लागली होती, पण पुढे दोन्ही डोळे गेले. हा विकार विरळा आहे, आता त्यावर औषधेही आहेत. तरी जखमी डोळ्याकडे दुर्लक्ष करणे म्हणजे चांगला डोळा डावावर लावणे होय.

विद्यार्थी मित्रहो, आता एक हकिगत खास तुमच्यासाठी. १५ ऑगस्ट १९४० रोजी इंग्लंडच्या आकाशात गॉर्डन क्लीव्हर नावाच्या वैमानिकाच्या विमानावर गोळ्या आल्या. विमानाचे छत पर्स्पेक्स नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचे होते. ते फुटून दोन्ही डोळ्यांत तुकडे गेले. एक डोळा गेला, दुसऱ्यात दृष्टी राहिली आणि तुकडेही राहिले. लोखंड डोळ्यात राहिले तर गंजते आणि डोळा नासवते. तांबे त्याहून वाईट. पण हे प्लास्टिक वर्षानुवर्षे शांत पडून राहिले. ही गोष्ट हॅरॉल्ड रिडले या डॉक्टरांच्या ध्यानात आली. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे बसवत का नाही? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिडले यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग माणसाच्या डोळ्यात बसवले. अनेक मोठ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे त्यांना विरोध केला. आज आपल्या आज्या शिबिरातून "भिंग बसवून" येतात आणि तांदूळ निवडतात, त्याची सुरुवात एका फुटलेल्या विमानात आहे.

अंध झालेल्या सैनिकांचे पुढे काय? क्लुथा मॅकेन्झी हा न्यूझीलंडचा सैनिक १९१५ साली गॅलिपोलीत आंधळा झाला. दुसऱ्या महायुद्धात तोच भारतात आला, आणि युद्धात दृष्टी गेलेल्या भारतीय जवानांसाठी १९४३ मध्ये डेहराडूनला सेंट डन्स्टन्सची शाळा सुरू झाली. विणकाम, टंकलेखन, ब्रेल असे शिक्षण तिथे मिळे. त्याच पायावर पुढे तिथली राष्ट्रीय दृष्टिबाधित संस्था वाढली. आपल्या देशात तोवर ब्रेलचे निरनिराळे प्रकार चालत. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली, त्या कामातही मॅकेन्झी होते. आज मराठी पुस्तक बोटांनी वाचणारा विद्यार्थी त्याच भारती ब्रेलमध्ये वाचतो.

माणसाला मुद्दाम आंधळे करण्यासाठी लेसरची शस्त्रे तयार होऊ लागली होती. १९९५ साली व्हिएन्ना येथे त्यांच्यावर आंतरराष्ट्रीय बंदीचा करार झाला. भारतानेही तो मान्य केला आहे. शस्त्र रणांगणावर सर्रास येण्याआधीच बंद होते, असे जगात क्वचितच घडले आहे.

पहिल्या उपचाराचे फौजी नियम आपल्या शेतात, वेल्डिंगच्या दुकानात आणि दिवाळीच्या फटाक्यांतही तितकेच लागू आहेत. डोळ्यात काही घुसले असेल तर चोळू नये, दाबू नये, घुसलेली वस्तू उपटू नये, पाण्याने धुऊ नये. कागदाचा पेला किंवा तसलेच काही कडक झाकण हाडावर टेकवून बांधावे, म्हणजे डोळ्यावर भार येत नाही, आणि ताबडतोब नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. पहिल्या चोवीस तासांत जखम शिवली गेली तर डोळा वाचण्याची आशा जास्त. तूप, मध, बाईचे दूध, कोणाचीही फुंकर, काही नको.

चुन्याचे मात्र उलट आहे. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबताना लेकराच्या डोळ्यात चुना उडतो, हे आपल्या वऱ्हाडात नवे नाही. तिथे एक क्षण न दवडता स्वच्छ पाण्याची धार अर्धा तास तरी धरायची, पापणी उलटून चुन्याचे कण काढायचे, मग दवाखाना. चुना बुबुळ जाळत आत जातो आणि पांढरे फूल पडते.

अशा फुलावर इलाज आहे, तो बुबुळ बदलण्याचा. ७ डिसेंबर १९०५ रोजी डॉ. झिर्म यांनी आजच्या चेक देशातल्या ओलोमोउत्स येथे पहिले यशस्वी बुबुळारोपण केले. तो रोगी एक मजूर होता आणि त्याचे दोन्ही डोळे चुन्यानेच जळले होते. बुबुळ मिळाले ते एका अकरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातून. लोखंडाचे कण शिरल्यामुळे त्याचा डोळा काढावा लागला होता. सैनिकाच्या बुबुळावर व्रण पडला असेल आणि आतला पडदा शाबूत असेल, तर त्यालाही हाच मार्ग आहे. पण बुबुळ कारखान्यात होत नाही, ते मृत माणसाकडूनच मिळते. चष्मा असलेल्याचे चालते, मोतीबिंदू काढलेल्याचेही चालते. मृत्यूनंतर पापण्या मिटवाव्यात, त्यावर ओला कापूस ठेवावा, डोक्यावरचा पंखा बंद करावा, उशी थोडी उंच करावी आणि सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसे येतील अशा बेताने लगेच कळवावे. फॉर्म भरलेला नसला तरी घरच्यांची संमती पुरते. आज सभागृहाच्या दाराशी आमचे कार्यकर्ते फॉर्म घेऊन बसले आहेत.