आकाशातले अंतर, घड्याळातला वेळ

अंजनगाव सुर्जीहून मुंबई किती लांब, असे विचारा. आमच्याकडचा माणूस किलोमीटर सांगत नाही. ‘एक रात्र’ म्हणतो. प्रवाशाचे खरे माप तेच.

16 एप्रिल 2025 रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. सरळ रेषेत हे अंतर सुमारे 540 किलोमीटर. या मार्गावर आलेले एटीआर 72 हे पंख्यांचे विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडते. भागाकार केला तर उत्तर येते पासष्ट मिनिटे. पण पहिल्या वेळापत्रकात होते पावणेदोन तास! मग उरलेली चाळीस मिनिटे गेली कुठे? धावपट्टीपर्यंत सरकण्यात, वर चढण्यात, उतरण्यासाठी वळसा घेण्यात. त्यातून मुंबईला गर्दी भारी. पाळी येईपर्यंत विमान आकाशातच घिरट्या घालते. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना तो समोरून यायचा.

आता घरापासून मोजा. बेलोरा अमरावतीच्याही पलीकडे. मोटारीने दीड तास तरी धरा. तासभर आधी पोचणे आलेच. मुंबईत उतरून परळ गाठायला आणखी तास. झाले पाच-सव्वापाच तास! रोग्याला घेऊन टाटा रुग्णालयात निघालेल्या मंडळींनी पावणेदोन तासांवर विसंबून डॉक्टरांची वेळ ठरवली, तर पंचाईत व्हायची. आरंभीच्या वेळापत्रकात विमान मुंबईस पोचे तेच सायंकाळी. तेव्हा वेळ दुसऱ्या दिवशीची घ्यावी लागे.

आपली शकुंतला मूर्तिजापूर ते अचलपूर या 76 किलोमीटरांना चारेक तास घेई. मंद खरी, पण ती अंजनगावालाच थांबायची. स्टेशन गाठण्याचा वेळ कुणी हिशेबात धरत नसे.