खुडूक कोंबडी आणि टोमॅटोची रोपं

दसरा झाला, पाऊस ओसरला, की कोंबडी अंड्यांवर बसवा आणि त्याच दिवशी टोमॅटोचं बी टाका. अंडी उबायला 21 दिवस लागतात, रोप लावणीला यायला साधारण 25. पिल्लं निघाली की चार दिवसांत रोपंही तयार.

बेलापूरच्या खाडीकाठी, दिवाळ्यासारख्या कोळीवाड्यात अंगण अपुरं आणि खाडीलगतची माती खारट. पण मासळीच्या बर्फाची थर्माकोलची खोकी तिथे सहज मिळतात. गोड्या पाण्याने ती पुन्हापुन्हा धुवा, तळाला भोकं पाडा, लाल माती आणि कुजलेलं शेणखत भरा. कोंबडखत ताजं घालू नका, मुळं जळतात. कोकणात हिरवंगार झाड दोन दिवसांत मान टाकतं, ते बहुधा जिवाणूजन्य मर रोगाने. म्हणून वाण तो रोग सोसणारं घ्या. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं ‘अर्का रक्षक’ त्यासाठी चांगलं.

आता कोंबडी. घरट्यातून हलत नाही, हात नेला की पिसं फुलवून कुरकुरते, ती खरी खुडूक. पाटीत थोडी राख आणि वर पेंढा घाला. राखेने उवा कमी होतात. कोंबड्यासोबत राहणाऱ्या कोंबड्यांची, आठवड्याच्या आतली 10-12 अंडी रात्री तिच्याखाली सरकवा. वनराजा सहसा खुडूक होत नाही, तिची अंडीही गावरान कोंबडी आनंदाने उबवते. सातव्या रात्री अंधारात अंडं मोबाईलच्या उजेडावर धरा. मधे काळा ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल शिरा दिसल्या, तर अंड्याने जीव धरला. आरपार स्वच्छ दिसेल ते काढून टाका.

अठराव्या दिवसानंतर मात्र हात लावू नका. अंड्याला टोचा पडला आणि पिल्लू तासन् तास अडलंय असं दिसलं, की आपला जीव वरखाली होतो. तरी कवच सोलू नका. त्या वेळात कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्या सुकत असतात, उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जात असतो. घाईने सोललंत तर रक्तस्राव होऊन ते दगावतं.

पिल्लांवाली कोंबडी माती उकरणारच, म्हणून रोपांच्या खोक्यांभोवती जुनं जाळं बांधा. ते ताणूनच बांधा, सैल जाळ्यात पिल्लांचे पाय अडकतात. पिल्लांच्या जागेवरही तसंच जाळं हवं. मासळीच्या वासाने घारी आणि कावळे घिरट्या घालतातच. खारवलेल्या मासळीचे तुकडे पिल्लांना टाकू नका, मीठ त्यांना बाधतं. तांदळाची कणी आणि उथळ ताटलीत पाणी द्या.

पिल्लं पाच-सात दिवसांची झाली की राणीखेत रोगावरची लासोटा लस द्या, डोळ्यात एक थेंब. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची लस असते आणि कालवल्यावर ती दोन तासांत संपवावी लागते. तेव्हा शेजारणींनी मिळून एकच दिवस ठरवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस बर्फात ठेवून आणा.