बुद्धीची मोजपट्टी कोणाच्या हाती?

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



माणसाची बुद्धी मोजता येते, असा दावा मानसशास्त्राने विसाव्या शतकाच्या आरंभापासून केला. मोजमाप आले की मोजपट्टी आली. आणि ती कोणाच्या अनुभवावरून आखली गेली, हा प्रश्न निव्वळ शास्त्रीय उरत नाही.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे साडेसतरा लाख जवानांची बुद्धिपरीक्षा घेतली. त्यातील एक प्रश्न 'क्रिस्को' या बाजारी मालाविषयी होता : ते औषध, जंतुनाशक, दंतमंजन, की खाद्यपदार्थ? उत्तर बुद्धीने नव्हे, अमेरिकी दुकानाच्या परिचयाने येणारे होते. तरीही १९२३ साली मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगॅम यांनी या परीक्षांच्या आकड्यांवरून दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले लोक उपजतच कमी बुद्धीचे असल्याचा निष्कर्ष काढला. अशाच वातावरणात १९२४ साली त्या प्रदेशांतील स्थलांतरितांना दारे जवळजवळ बंद करणारा कायदा संमत झाला. १९३० मध्ये ब्रिगॅम यांनी आपले निष्कर्ष निराधार असल्याचे कबूल केले. राष्ट्रवार कोट्याची पद्धत मात्र १९६५ पर्यंत टिकली.

या वंशवादाला विरोधी असा एक महत्त्वाचा प्रयत्न सोव्हिएत भूमीवर झाला. १९३१ व १९३२ साली अलेक्झांडर लुरिया यांनी उझबेकिस्तानातील खेड्यांत संशोधन-मोहिमा नेल्या. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांत विजोड काय, असे निरक्षर शेतकऱ्यांना विचारण्यात आले. त्यांना काहीच विजोड वाटेना. लाकूडच नसेल, तर हत्यारे घेऊन करायचे काय? थोडेफार शिकलेले तरुण मात्र 'हत्यारे' हा वर्ग सहज वेगळा काढीत. विचारपद्धती रक्तातून येत नाही, समाजजीवन पालटले की तीही पालटते, हा लुरियांचा निष्कर्ष मोलाचा होता.

परंतु या मांडणीतही एक शिडी होतीच. शाळेतील वर्गीकरण वरच्या पायरीवर आणि शेतकऱ्याचे उत्तर खालच्या! अल्पसंख्य राष्ट्रांचा अवमान केल्याचा आरोप लुरियांवर झाला आणि त्यांचा ग्रंथ १९७४ पर्यंत अप्रकाशित राहिला. ही चूकच होती. संशोधनातील उणीव प्रकाशन रोखून नव्हे, अधिक चांगल्या संशोधनानेच दूर होते.

तसे संशोधन आफ्रिकेत झाले. लायबेरियातील क्पेले शेतकऱ्यांसमोर मायकेल कोल यांच्या सहकाऱ्यांनी वीस वस्तू ठेवून त्यांचे गट करावयास सांगितले. त्यांनी सुरी संत्र्याजवळ ठेवली. कारण सुरीने संत्रे कापतात. शहाणा माणूस असेच करील, असे त्यांचे म्हणणे. मग मूर्ख कसे करील, असे विचारताच त्यांनी अन्न एकीकडे, अवजारे दुसरीकडे असे संशोधकांना हवे असलेले नेटके गट करून दाखविले! क्षमता होती, फक्त शहाणपणाची व्याख्या वेगळी होती.

भारतातही १९३४ साली डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने-कसोटी मराठी व कन्नड मुलांसाठी सिद्ध केली, आणि ती अनेक दशके वापरात राहिली. परक्या कसोटीला स्थानिक रूप देण्याचा तो गंभीर प्रयत्न होता. पण अशा कार्यातील खरी अडचण भाषेपलीकडची असते : शब्दाचे भाषांतर होते, प्रश्नामागच्या जगण्याचे होत नाही.

ही विषमता इतिहासजमा झालेली नाही. मानसशास्त्राच्या सहा प्रमुख नियतकालिकांतील २००३ ते २००७ या काळातील लेखांची जेफ्री आर्नेट यांनी केलेली तपासणी २००८ साली प्रसिद्ध झाली. अभ्यासलेल्या व्यक्तींपैकी ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील होत्या. त्या देशांत जगाची अवघी १२ टक्के लोकसंख्या राहते. या मूठभरांच्या मनाला 'मानवी मन' हे नाव मिळते, आणि उरलेली बहुसंख्य जनता अपवाद ठरते.

म्हणून विज्ञान नाकारावयाचे नाही. ते अधिक काटेकोर करावयाचे आहे. श्रमिकाचे मूल कसोटीत नापास झाले, तर प्रथम कसोटीची परीक्षा घ्यावी. आणि साक्षरता-वर्गात जाणाऱ्या कार्यकर्त्यानेही समोरच्या निरक्षर शेतकऱ्याचे उत्तर चूक ठरविण्यापूर्वी एक क्षण थांबावे. ओंडक्यावाचून हत्यार व्यर्थ आहे, हे त्यालाच अधिक ठाऊक असते.